लॅपटॉपवर साइट चालते, गावातल्या फोनवर उघडत नाही

साइट तयार झाली, डोमेन जोडलं, लॅपटॉपवर सगळं ठणठणीत. मग लिंक गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते आणि पाठोपाठ निरोप येतात, "खुलून नाही राहिली भाऊ", "नुसतं चाक फिरते", "पांढरं पान येते". एकट्याने साइट बांधणाऱ्याला हा प्रश्न जवळपास प्रत्येक लाँचला भेटतो. साइट लिहिणारं मशीन आणि तपासणारं मशीन एकच असतं, आणि त्या मशीनवर साइट चालायला हजार कारणं असतात जी गिऱ्हाइकाच्या फोनवर नसतात.

उदाहरणासाठी एक साधी साइट धरू. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात ट्रॅक्टर, रोटावेटर आणि थ्रेशर भाड्याने नोंदवायची सोय. कास्तकार मोबाईल नंबर टाकतो, ओटीपी येतो, तारीख आणि वावराचं ठिकाण निवडतो, नोंद होते. सोयाबीन काढणीच्या आधी ती चालू व्हायला हवी. काढणी सुरू झाल्यावर चालू झालेल्या साइटचा त्या हंगामात उपयोग नाही.

आधी विचारा, मग हात लावा

"उघडत नाही" या एका वाक्यात किमान सात-आठ वेगळे बिघाड लपलेले असतात. म्हणून पहिला निरोप आला की डीएनएस (डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं याची नोंद) बदलायला धावू नका. त्या माणसाकडून तीन गोष्टी मागवा: स्क्रीनशॉट (वरच्या पत्त्याच्या पट्टीसकट), सिम कोणतं आणि डेटावर आहे की वायफायवर, आणि अँड्रॉइडची आवृत्ती. स्क्रीनशॉटवरचा मजकूरच निम्मं उत्तर देतो. "एनएक्सडोमेन" असं दिसलं तर नावच सापडत नाही. "सर्ट" हा शब्द दिसला तर सर्टिफिकेटचा (पत्त्यापुढचं कुलूप ज्यावर ठरतं तो दाखला) घोळ. ५०२ दिसलं तर एनजिनएक्स (मागणी आधी झेलणारा वेब सर्व्हर) जिवंत आहे, मागचा नोड किंवा पायथनचा प्रोसेस मेला आहे. पूर्ण पांढरं पान असेल तर एचटीएमएल पोचलं, जावास्क्रिप्ट पोचली नाही किंवा फुटली.

मग लॅपटॉपला गिऱ्हाइकाच्या जागी बसवा. घरचं वायफाय तोडा, फोनचा हॉटस्पॉट जोडा, डेव्हलपमेंट सर्व्हर पूर्ण बंद करा, ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा आणि खरा डोमेन टाइप करा. या सगळ्या गोष्टी एकत्र करायच्या, एकही गाळायची नाही. बरेच बिघाड इथेच उघडे पडतात.

लोकलहोस्टचा पत्ता बिल्डमध्ये राहून जाणं

सर्वात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. कोडमध्ये एपीआयचा (पान ज्याच्याकडून माहिती मागतं त्या मागच्या प्रोसेसचा) पत्ता लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच मशीन', पोर्ट ३००० असा राहिलेला असतो. लॅपटॉपवर खरी साइट उघडली तरी ती लॅपटॉपवरच चालू असलेल्या डेव्हलपमेंट सर्व्हरशी बोलते आणि सगळं बरोबर दिसतं. फोनवर लोकलहोस्ट म्हणजे तो फोनच, आणि तिथे ३००० वर ऐकणारं कोणी नाही. एरवी एचटीटीपीएस पानावरून साध्या एचटीटीपीला केलेली मागणी ब्राउझर अडवतो. लोकलहोस्टला मात्र क्रोमसारखा ब्राउझर विश्वासू धरून सूट देतो. त्यामुळे मिश्र मजकुराचा इशाराही येत नाही आणि चूक झाकली जाते.

उपाय करताना अनेक जण सर्व्हरवरच्या डॉट-एनव्ही (सेटिंग ठेवणाऱ्या) फाइलमध्ये पत्ता बदलतात आणि काहीच फरक पडत नाही म्हणून गोंधळतात. व्हीटसारखी बिल्ड करणारी, म्हणजे कोडपासून अपलोड करायच्या फाइली बांधणारी, साधनं हे पत्ते बिल्ड होताना वाचतात आणि जावास्क्रिप्टमध्ये कोरून टाकतात. नंतर फाइल बदलून उपयोग नाही, बिल्डच पुन्हा करायला हवं. बिल्ड झाल्यावर डिस्ट फोल्डरमध्ये तीन गोष्टींचा शोध घ्या: लोकलहोस्ट, १२७.०.०.१ आणि १९२.१६८. सापडल्या तर अपलोड करू नका. काही लायब्ररींच्या आतही लोकलहोस्ट हा शब्द असतो, तेव्हा प्रत्येक ओळ डोळ्याने पाहा.

कायमचा इलाज म्हणजे एपीआयचा पूर्ण पत्ता लिहायचाच नाही. नुसतं तिरकी रेघ आणि एपीआय असा सापेक्ष पत्ता ठेवा आणि एनजिनएक्समध्ये त्या मार्गाची मागणी मागच्या प्रोसेसकडे वळवा. असं केलं की कॉर्सचा (एका पत्त्यावरच्या पानाने दुसऱ्या पत्त्याशी बोलण्यावरच्या ब्राउझरच्या बंधनाचा) आणि मिश्र मजकुराचा प्रश्न एकाच वेळी मिटतो.

वावराचं ठिकाण घेणारं बटण याच जातीचं आहे. जीपीएस फक्त सुरक्षित संदर्भात, म्हणजे एचटीटीपीएस पत्त्यावर, मिळतं. लोकलहोस्टवर ते चालतं. फोनवर तपासताना १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता साध्या एचटीटीपीने उघडला तर ब्राउझर परवानगीसुद्धा विचारत नाही. कोड बरोबर असतो, तपासण्याची जागा चुकलेली असते. हे बटण खऱ्या एचटीटीपीएस पत्त्यावरच तपासा.

घरच्या वायफायवर चालते, जिओवर जुनंच पान

हा बिघाड भल्याभल्यांना दिवसभर गुंतवून ठेवतो, कारण एकाच खोलीतल्या दोन फोनवर दोन वेगळ्या साइट दिसतात.

डोमेनला दोन प्रकारचे पत्ते असू शकतात. ए रेकॉर्ड हा आयपीव्ही४ चा म्हणजे जुन्या पद्धतीचा, आणि एएएए म्हणजे क्वाड-ए रेकॉर्ड हा आयपीव्ही६ चा म्हणजे नव्या पद्धतीचा. डोमेन विकणारे किंवा जुने होस्टिंगवाले सुरुवातीला दोन्ही स्वतःच्या पार्किंग पानाकडे (रिकाम्या डोमेनवरच्या तात्पुरत्या पानाकडे) लावून ठेवतात. आपण नवा सर्व्हर घेतो, ए रेकॉर्ड बदलतो आणि क्वाड-ए तसाच राहतो. ज्या घरच्या जोडणीला आयपीव्ही६ नाही तिथे नवी साइट दिसते. जिओच्या मोबाईल नेटवर्कवर फोनला आयपीव्ही६ मिळतं, आणि दोन्ही पत्ते असले तर ब्राउझर आयपीव्ही६ ला पहिला मान देतो. तो फोन सरळ जुन्या पार्किंग पानावर जातो.

यावर एक शंका नेहमी येते: आयपीव्ही६ बिघडलं तर ब्राउझर आपोआप आयपीव्ही४ कडे वळतो ना? वळतो, पण जोडणीच झाली नाही तरच. इथे जुना सर्व्हर जिवंत आहे, उत्तर देतो, त्यामुळे ब्राउझरच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. म्हणून पूर्ण मेलेला क्वाड-ए पत्ता जिवंत पण चुकीच्या पत्त्याइतका छळत नाही. मेलेल्यामुळे फार तर साइट किंचित उशिरा उघडते.

तपासायला डिग हा डीएनएस रेकॉर्ड दाखवणारा आदेश दोनदा चालवा, एकदा ए साठी, एकदा एएएए साठी. मग कर्लला (ब्राउझरशिवाय पान मागवणारा आदेश) एकदा -४ आणि एकदा -६ जोडून साइट मागवा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. -६ ची चाचणी आयपीव्ही६ असलेल्या जोडणीवरूनच करायची, म्हणजे हॉटस्पॉटवरून. सर्व्हरला आयपीव्ही६ नसेल तर क्वाड-ए रेकॉर्ड काढून टाका. असेल तर बरोबर पत्ता घाला आणि एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये चौकटी कंसात दोन अपूर्णविराम असलेली लिसनची ओळ आहे का बघा. ती नसेल तर एनजिनएक्स फक्त आयपीव्ही४ वर ऐकतो.

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट मिळत नसेल तरी आधी हाच रेकॉर्ड बघा. क्वाड-ए असला तर त्यांची पडताळणी प्रथम आयपीव्ही६ वरून येते आणि जुन्या सर्व्हरवर जाऊन आदळते. सर्टबॉट (हे सर्टिफिकेट मागणारं साधन) पुन्हापुन्हा चालवू नका. एका खात्यावर एका नावासाठी तासाला ५ अपयशी पडताळण्या झाल्या की थांबावं लागतं, आणि नेमक्या त्याच नावांच्या संचासाठी आठवड्याला ५ च सर्टिफिकेट मिळतात. चाचणी त्यांच्या स्टेजिंगवर, म्हणजे सरावाच्या सर्व्हरवर, करा, तिथे मर्यादा बऱ्याच सैल आहेत.

डीएनएस बदलल्यावर किती थांबायचं हे टीटीएलवर (रेकॉर्ड किती वेळ साठवून ठेवायचं तो आकडा) ठरतं. तो सेकंदात असतो: ३०० म्हणजे ५ मिनिटं, ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. सर्व्हर बदलायच्या आदल्या दिवशीच तो ३०० करून ठेवा. बदलाच्या वेळी कमी करून फायदा नाही, कारण जुना आकडा घेऊन बसलेले रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधून देणारे सर्व्हर) तो संपेपर्यंत विचारायलाच येत नाहीत. आणि रेकॉर्ड घालण्याआधी नवं डोमेन फोनवर उघडून पाहू नका. "असं नाव नाही" हे उत्तरसुद्धा साठवलं जातं, आणि मग रेकॉर्ड घातल्यावरही तुमच्याच नेटवर्कवर साइट काही वेळ सापडत नाही.

सर्टिफिकेट: फोन जुना, तारीख चुकलेली किंवा साखळी तुटलेली

एखाद्याच फोनवर तारखेचा इशारा आला तर आधी त्या फोनची तारीख बघायला सांगा. बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेला जुना फोन चालू होतो तेव्हा कधी कधी जुनीच तारीख धरतो, आणि त्याच्या हिशेबाने तुमचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं.

जुन्या अँड्रॉइडचा मुद्दा वेगळा. लेट्स एन्क्रिप्टचं आयएसआरजी रूट एक्स१ हे मूळ सर्टिफिकेट अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनच्या यादीत नाही. त्यांच्यासाठी त्यांच्या यादीतल्या जुन्या मूळ सर्टिफिकेटची जी जोडसही होती तिची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. अशा फोनवर फायरफॉक्स चालत असेल तर त्यात साइट उघडते, कारण तो स्वतःची यादी बाळगतो. गिऱ्हाइकांमध्ये असे फोन खरंच बरेच असतील तर दुसऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट घ्यायचा विचार करा.

तिसरं कारण आपल्या हातातलं. एनजिनएक्सला सर्ट.पेम दिलं आणि फुलचेन.पेम दिलं नाही तर मधलं सर्टिफिकेट पाठवलंच जात नाही. काही ब्राउझर ते स्वतः शोधून आणतात, म्हणून लॅपटॉपवर कुलूप दिसतं. कर्ल आणत नाही. त्यामुळे लिनक्सवरून कर्लने साइट मागवणं ही सर्वात प्रामाणिक चाचणी.

गिऱ्हाईक आणि सर्व्हर यांच्यामध्ये क्लाउडफ्लेअरची मध्यस्थ सेवा ठेवली असेल आणि "फार वेळा रीडायरेक्ट" असा इशारा येत असेल तर तिथे एसएसएलचा प्रकार बहुधा फ्लेक्सिबल आहे. क्लाउडफ्लेअर तुमच्या सर्व्हरला एचटीटीपीने विचारतं, सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसवर जा, आणि हे चक्र संपत नाही. फुल स्ट्रिक्ट करा.

लाईन गेली आणि अपलोड अर्ध्यावर राहिलं

विदर्भातल्या गावात हे धरूनच चालायचं. लाईन गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, राउटर मात्र बंद पडतो. अपलोड अर्ध्यात तुटतं आणि सर्व्हरवर नव्या-जुन्या फाइलींची सरमिसळ उरते. नवी इंडेक्स फाइल पोचली आणि तिने मागितलेली जावास्क्रिप्ट अजून पोचलीच नाही, तर पान पांढरं. त्यातून एनजिनएक्समध्ये न सापडलेल्या प्रत्येक मार्गाला इंडेक्स देण्याची ओळ असेल तर जावास्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल जातं आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये "अनपेक्षित चिन्ह <" किंवा चुकीच्या एमआयएमई प्रकाराची (जावास्क्रिप्टऐवजी एचटीएमएल आल्याची) तक्रार दिसते. ही तक्रार दिसली की कोडमध्ये चूक शोधू नका, फाइल पोचली का ते बघा. ॲसेट्स फोल्डरसाठी वेगळी ओळ ठेवा, जी फाइल नसली तर सरळ ४०४ देईल.

लॅपटॉपवर मात्र हे दिसत नाही, कारण ब्राउझरच्या कॅशेत जुन्या फाइली असतात.

त्यासाठी अपलोडचा क्रम पाळा. आधी ॲसेट्स, सर्वात शेवटी इंडेक्स. आरसिंक (फाइली चढवायचं साधन) वापरा, पार्शलचा पर्याय लावा म्हणजे तुटलेली फाइल पुढे चालू राहते, आणि जुन्या फाइली लगेच पुसू नका. ज्याच्या फोनवर जुनं पान उघडं आहे त्याला जुन्या फाइली अजून लागतात. याहून चांगली पद्धत: प्रत्येक आवृत्ती नव्या फोल्डरमध्ये पूर्ण चढवायची आणि मग "करंट" नावाचा सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) एका झटक्यात तिकडे वळवायचा. बिघडलं तर तोच सिमलिंक मागे फिरवायचा. सर्व्हरवर काही चालवायचं असेल तर टीमक्समध्ये चालवा, म्हणजे जोडणी तुटली तरी काम थांबत नाही.

सर्व्हरवरच बिल्ड करायचा मोह टाळा. १ जीबी मेमरीच्या स्वस्त सर्व्हरवर बिल्ड मध्येच मारलं जातं (निर्गम क्रमांक म्हणजे एक्झिट कोड १३७ दिसला तर बहुधा हेच), आणि व्हीट नव्या फाइली लिहिण्याआधी जुना डिस्ट फोल्डर रिकामा करतं. म्हणजे चालू साइटही जाऊ शकते. बिल्ड लॅपटॉपवर करा. अगदीच इलाज नसेल तर २ जीबी स्वॅप (मेमरी म्हणून वापरायची डिस्कवरची जागा) जोडून वेगळ्या फोल्डरमध्ये करा.

फोटो दिसत नसतील तर फाइलीच्या नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं तपासा. विंडोज दोन्हींना एकच समजतं, लिनक्स समजत नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींचं जेपीजी अनेकदा कॅपिटलमध्ये असतं आणि कोडमध्ये आपण स्मॉल लिहितो. नाव बदलताना गिट एमव्ही वापरा, नाहीतर विंडोजवर गिटला बदल कळतच नाही. फाइलींना मराठी नावंही देऊ नका. देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात ९ अक्षरं खातं आणि व्हॉट्सॲपवर लिंक हातभर लांब होते.

सर्व्हिस वर्कर (साइट फोनवर साठवून ऑफलाइन चालवणारी जावास्क्रिप्ट) पहिल्या लाँचला घालूच नका, असं आमचं ठाम मत आहे. ऑफलाइन चालणं गावात मोलाचं आहे, पण साइट दोन-तीन आठवडे स्थिर राहिल्यावर. आधीच घातला असेल आणि लोकांना जुनंच पान दिसत असेल तर सर्व्हरवरून फाइल पुसून तो जात नाही. त्याच नावाने नवी फाइल चढवा जी कॅशे रिकामी करून स्वतःची नोंदणी रद्द करते, आणि ती काही महिने तशीच राहू द्या.

नुसतं चाक फिरते

निरोप संध्याकाळी जास्त येत असतील तर दिवसाचा डेटा संपलेला असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच रिचार्जमध्ये तो संपल्यावर वेग ६४ केबीपीएस होतो, म्हणजे सेकंदाला ८ केबी. २ एमबीचं पान त्या वेगाने उतरायला चार मिनिटांहून जास्त लागतात. १६० केबीचं पान २० सेकंदात येतं, आणि तेवढं माणूस थांबतो. क्रोमच्या डेव्हलपर साधनांमधल्या नेटवर्क पट्टीत ६४ केबीपीएसचं स्वतःचं प्रोफाइल बनवून त्यावर पूर्ण नोंदणी करून बघा.

वजन कुठे असतं ते ठरलेलं आहे. पहिलं, एनजिनएक्समध्ये जीझिप (फाइली दाबून लहान करणारी सोय) चालू दिसतं पण तो मुळात फक्त एचटीएमएल दाबतो. जावास्क्रिप्ट, सीएसएस आणि जेसनचे प्रकार जीझिप टाइप्स ओळीत स्वतः लिहावे लागतात. उबुंटूच्या फाइलीत ती ओळ टिप्पणी करून ठेवलेली असते. दुसरं, मराठी फाँट. अँड्रॉइडमध्ये देवनागरीचा फाँट आधीच आहे, त्यामुळे नोंदणीच्या पानावर वेगळा फाँट उतरवायची गरज नाही. हवाच असेल तर डब्ल्यूओएफएफ२ प्रकारची फाइल घ्या, फाँट-डिस्प्लेला स्वॅप लावा (म्हणजे फाँट येईपर्यंत फोनच्याच फाँटमध्ये मजकूर दिसतो), आणि फाँट छाटला असेल तर "ऱ्हाटी", "क्ष", "ज्ञ", "ळ" असलेला मजकूर टाकून जोडाक्षरं मोडतात का बघा. तिसरं, फोटो. फोनने काढलेला ट्रॅक्टरचा ४ एमबीचा फोटो ८०० पिक्सेल रुंद वेबपीमध्ये १०० केबीच्या आत सहज बसतो.

ओटीपी आणि तारीख

ओटीपी काही नंबरांवर येतो आणि काहींवर नाही, किंवा परवापर्यंत येत होता आणि आता नाही, तर पाठवलेला मजकूर डीएलटीवर (एसएमएसचे साचे नोंदवायची दूरसंचार कंपन्यांची यंत्रणा) मंजूर झालेल्या साच्याशी अक्षरशः जुळतो का बघा. एखादी मोकळी जागा किंवा पूर्णविराम कमी-जास्त झाला तरी संदेश वाटेतच अडतो. साच्यातल्या एका बदलत्या जागेत ठराविकच अक्षरं मावतात, त्यामुळे लांब नाव आलं की तेवढाच संदेश अडतो. मराठी एसएमएस एका भागात ७० अक्षरांचा, इंग्रजी १६० चा. ओटीपी छोटा ठेवा. डीएलटीची नोंदणी आणि साचा मंजुरी एका बैठकीत होत नाही, म्हणून ते काम साइट लिहायला घेतानाच सुरू करा.

तारखेचा घोळ मात्र लॅपटॉपवर कधीच दिसत नाही. लॅपटॉप भारतीय वेळेवर, सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), मध्ये साडेपाच तासांचं अंतर. कास्तकार पहाटे पाचला नोंद करतो आणि सर्व्हर "आजची" तारीख आदल्या दिवसाची धरतो. वेळ यूटीसीत साठवा, पण "आज" ठरवताना एशिया/कोलकाता हा विभाग स्पष्ट लिहा. नुसती तारीख असलेली नोंद (थ्रेशर कधी हवा) मजकूर म्हणूनच ठेवा, तिला वेळ चिकटवू नका.

लिंक वाटण्याआधीचे दोन दिवस

सर्व्हर एकदा मुद्दाम रीबूट करा आणि कशालाही हात न लावता साइट उघडते का बघा. सिस्टमडी किंवा पीएम२ ला (प्रोसेस चालू ठेवणारी साधनं) सर्व्हर सुरू होताना साइट उठवायला सांगितलेलं नसेल तर इथेच कळेल. सर्टबॉटचं नूतनीकरण कोरडं (ड्राय रन, खरं सर्टिफिकेट न घेता) चालवून बघा. सर्टिफिकेट सध्या ९० दिवसांचं असतं, आणि सप्टेंबरात चालू केलेल्या साइटचं ते कापूस वेचणीच्या ऐन गर्दीत संपेल. फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ हे दोन्ही पोर्ट उघडे हवेत, सर्व्हरवरच्या यूएफडब्ल्यूमध्ये आणि होस्टिंगच्या पॅनेलमधल्या वेगळ्या फायरवॉलमध्येही. साइट शोधात दाखवू नका असं सांगणारी नोइंडेक्सची ओळ राहिली असेल तर काढा.

मग चार-पाच फोन गाठा: एक जिओचा, एक एअरटेल किंवा व्हीआयचा, एक बीएसएनएलचा, एक जुना अँड्रॉइड, आणि एक असा माणूस जो व्हॉट्सॲपवरच्या लिंकशिवाय काही उघडत नाही. त्याला आतल्या एखाद्या पानाची लिंक पाठवा, मुख्य पानाची नाही. एकपानी साइटमध्ये (जिथे फाइल एकच आणि आतली पानं जावास्क्रिप्ट बनवते) आतली लिंक थेट उघडल्यावर ४०४ येणं फार सर्रास आहे.

डॉट कॉमसारखं डोमेन घेतलं असेल तर नोंदणीच्या ईमेलवर पडताळणीची लिंक आलेली असते. ती १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन थांबवलं जातं, आणि दोन आठवडे नीट चाललेली साइट अचानक सगळीकडून एकदम बंद पडते. तो ईमेल आजच शोधा, स्पॅमच्या फोल्डरमध्येही.